पहिला कोस

एका संस्थानात, जिथे माणसांपेक्षा घोड्यांची बडदास्त अधिक ठेवली जाई, एकदा एक वृद्ध चाबूकस्वार राहत असे. चाबूकस्वार म्हणजे घोड्याला चाल शिकवणारा. त्याचे नाव अंतोजी. वय ऐंशीच्या घरात, कंबरेत वाकलेला, पण घोड्याच्या पाठीवर हात ठेवला की हात तेवढा पंचविशीतला. पागेत सगळे त्याला वस्ताद म्हणत. त्याच्या हाताखाली हैबती नावाचा एक शिष्य होता. पस्तिशीचा गडी, घोड्यांच्या बाबतीत शहाणा आणि माणसांच्या बाबतीत अगदीच अडाणी. अशा माणसाचे जगात काय होते ते तुम्हांआम्हांला ठाऊक आहेच; तरी पण ऐका.

त्या संस्थानात दर माघात बारा कोसांची दौड होत असे. राजवाड्यापुढच्या माळावरून घोडे सुटत, नदी उतरत, भैरोबाच्या डोंगराला वळसा घालत आणि पुन्हा माळावर येत. मधले दोन तास एकही घोडा कोणाच्या दृष्टीस पडत नसे. लोक तेवढ्यात चुली मांडत, भाकऱ्या थापत, सोयरिकी जुळवत, जुनी भांडणे उकरून काढत. कोणी 'धूळ दिसली!' म्हणून ओरडला की हातातला घास तसाच टाकून सारा माळ उठून उभा राही. पहिल्या आलेल्या घोड्याच्या छातीवर अंतोजी तळवा ठेवी, डोळे मिटून श्वास मोजी आणि म्हणे, "दम पुरा!" मग महाराज हार घालत. त्याआधी नाही.

या दौडीला एक कडक नियम जोडलेला होता. जो घोडा दौडीत उतरेल तो एकदाच उतरेल. पहिल्या तिघांना पैदाशीसाठी राखायचे आणि बाकीच्यांना खच्ची करून गाडीला जुंपायचे. ऐकायला निष्ठुर वाटते, पण त्यात दृष्टी होती. बारा कोस ज्याची छाती टिकली त्याचीच अवलाद पुढे चालावी, हा त्यातला हेतू. तीस वर्षांत त्या पागेच्या घोड्यांचे नाव एवढे झाले की परमुलखातले सरदार शिंगरू जन्मण्याआधी मागणी नोंदवून जात. हा नियम अंतोजीनेच भर तारुण्यात घालून दिला होता आणि त्याचा त्याला सार्थ अभिमान होता.

पुढे एके वर्षी महाराजांच्या मातोश्रींना शामियान्यात बसून ऊन लागले. दौडीतले दोन कोस कमी झाले. आणखी दोन वर्षांनी कोणी बडे पाहुणे आले. त्यांना जेवणाची घाई होती. दहाचे आठ झाले. मग तरुण मंडळी म्हणू लागली की डोळ्यांना दिसतच नाही ती कसली दौड? आठाचे पाच झाले. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. पाचाचे दोन, दोनाचा एक, आणि आमच्या कथेच्या वेळी ती अर्ध्या कोसावर आली होती. आता घोडा सुटल्यापासून पोहोचेपर्यंत सगळे गादीवर लोडाला टेकून पाहता येई. तोंडात घातलेला विडा रंगायच्या आत दौड संपे. एका दिवसात आठ-आठ दौडी होत आणि लोक फार खूश असत.

घोडेही तसेच होऊ लागले. पूर्वी घोडा सहा वर्षांचा झाल्याखेरीज त्याला दौडीत कोणी घालत नसे; हाडे भरायला, छाती रुंदावायला तेवढा काळ लागतोच. आता दोन वर्षांची शिंगरे उतरू लागली. ती बाणासारखी सुटत, अर्धा कोस जीव तोडून पळत आणि चौथ्या वर्षी पाय धरून बसत. पण तोवर त्यांना हार पडलेला असे, आणि नियमाप्रमाणे पैदास त्यांचीच चालू राही. दौड आखडली, पण नियमाला कोणी हात लावला नाही. दमदार घोडे निवडण्यासाठी केलेला नियम आता दमदार घोडे वेचून वेचून खच्ची करत होता. असा बावळटपणा शहाणीसुरती माणसेच करू जाणोत; गाढवांना तो सुचणार नाही.

हैबतीच्या ताब्यात दर्या नावाचा एक कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा, घोडा होता. त्याचा आजा बारा कोसांच्या शेवटच्या दौडीत पहिला आला होता. बाप पाच कोसांच्या दौडीत कसाबसा तिसरा येऊन वाचला होता. त्या रक्ताचा पागेत हा एकच नर उरलेला. जन्मला त्या दिवसापासून हैबतीने त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले होते. दर माघात तो काहीतरी निमित्त काढून दर्याला दौडीतून वाचवी. कधी नाल रुतली, कधी खोकला झाला, कधी ठाणावर पाय मुरगळला. सहाव्या वर्षी कारभारी स्वतः पागेत आले.

"हैबती, हा घोडा आहे की नवी नवरी? दर वर्षी याचं काहीतरी दुखतं!" खरारा करणारे सगळे मोतद्दार हसले. "या खेपेस उतरव. नाहीतर न उतरवताच खच्ची करतो."

हैबती धावत अंतोजीकडे गेला. म्हातारा उन्हात बसून एका जुन्या लगामाला तेल चोळत होता.

"वस्ताद, दर्याला एकदम सुटायला शिकवा. तुमच्या हातात जादू आहे. पंधरा दिवस आहेत."

"हा तिसऱ्या कोसाला छाती उघडतो रे," अंतोजी म्हणाला. "याचा आजाही तसाच होता. पहिले दोन कोस लोक त्याला हसत. आंबा काय पौषात पिकवायचा म्हणतोस?"

"मग निदान महाराजांना सांगा. तुमचा शब्द मोडणार नाहीत ते."

अंतोजी तेल चोळत राहिला. हैबतीला त्याचा संताप आला. या म्हाताऱ्याची एक गोष्ट त्याला अकरा वर्षांत कधी कळली नव्हती. दौडीच्या दुसऱ्या दिवशी हरलेले घोडे खच्ची केले जात, तेव्हा अंतोजी काठी टेकत तिथे येई आणि प्रत्येक घोड्याचे तोंड स्वतः धरी. या वयात, धडपडत, लाथांच्या भीतीत. ते काम कोणीही पोऱ्या करू शकला असता. शिवाय त्या दिवशी तो अन्नाला शिवत नसे. काही मोतद्दार म्हणत, म्हाताऱ्याला कापाकापी पाहण्याची हौस आहे. हैबती तसे म्हणत नसे, पण त्याच्याही मनात ते येऊन जाई.

दौडीचा दिवस आला. नऊ घोडे उभे राहिले. आठ कोवळी शिंगरे आणि त्यांच्यात सहा वर्षांचा दर्या. लग्नाच्या पंगतीत पोरांच्या पानाला चुकून आजोबा बसावेत तसा तो दिसत होता. निशाण पडले. शिंगरे सुटली ती डोळ्याचे पाते लवायच्या आत निम्म्यावर. हैबतीने टाच मारली, हाका घातल्या, आयुष्यात पहिल्यांदा त्याने दर्याला चाबूक दाखवला. दर्याने कान मागे केले आणि आपली लय धरली. अर्धा कोस संपला तेव्हा तो नववा होता, आणि त्याच्या अंगाला घामाचा थेंबही नव्हता.

सगळ्यांनी लगाम खेचले. हैबतीने खेचला नाही. तो रडत होता आणि त्याला समोरचे काही दिसत नव्हते. दर्या पळतच राहिला. शामियान्यातून हशा उसळला. "अरे, संपली दौड! कोणीतरी सांगा त्याला!" पण दर्या नदीत उतरला, पलीकडे चढला, आणि तिसऱ्या कोसाला हैबतीच्या मांड्यांखाली काहीतरी बदलले. घोड्याची छाती उघडली. पाऊल लांबले, श्वास खोल झाला, वारा कानांत घुमू लागला. हैबतीचे रडे थांबले. वीस वर्षे ज्या वाटेवर कोणी दौडले नव्हते, तिथे बाभळी वाढल्या होत्या. तो त्यांतून गेला, भैरोबाच्या डोंगराला वळसा घातला आणि नवव्या कोसाला पाहतो तो दर्या सुटतानापेक्षा अधिक वेगात होता. असे सुख हैबतीला जन्मात मिळाले नव्हते, आणि ते पाहायला मैलोगणती चिटपाखरू नव्हते.

तो माळावर परतला तेव्हा शामियान्याच्या कनाती उतरवल्या जात होत्या. पत्रावळी खात गुरे फिरत होती. जिथे पूर्वी दौडीचा शेवट असे तिथे एकटा अंतोजी काठीवर भार देऊन उभा होता. हैबती खाली उतरला. म्हाताऱ्याने दर्याच्या छातीवर तळवा ठेवला, डोळे मिटले. फार वेळ लागला नाही.

"दम पुरा," तो म्हणाला. "याच्या आज्याहून सरस."

हैबतीला वाटले, जिंकलो! त्याने म्हाताऱ्याला दंडाला धरून तसेच वाड्यावर नेले. महाराज जेवून सुपारी कातरत बसले होते, शेजारी कारभारी. अंतोजी दारात थांबला. हैबतीनेच सगळे सांगितले, पाय धरले, डोळ्यांतून पाणी काढले, म्हणाला, "महाराज, बारा कोस पळून आलाय. वस्तादांनी दम पाहिलाय. हा एक राखा, एवढाच मागतो."

महाराज दुष्ट नव्हते. त्यांनी ऐकून घेतले आणि हसून अंतोजीकडे वळले. "पण अंतोजी, पहिले तीनच राखायचे हा नियम कोणाचा?"

"माझाच, महाराज."

"आजवर आम्ही तो मोडला?"

"नाही, महाराज."

"मग आम्ही मोडला तर उद्या तुम्हीच म्हणाल की महाराजांनी पागेची शिस्त घालवली. हो की नाही?" आणि त्यांनी म्हाताऱ्याला मानाचा विडा दिला. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. इथे तर खाणाऱ्याने वर विडाही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पागेमागच्या अंगणात दोर, पाणी, राख सगळे मांडून ठेवले होते. घोड्यांचा वैद्य, ज्याला तिथे सलोतरी म्हणत, हत्यारांना धार लावत होता. दर्याच्या दौडीतले सहा घोडे होते. पहिला मान दर्याचा, वयाने मोठा म्हणून. हैबती त्याला घेऊन आला, आणि पाहतो तो काठी टेकत अंतोजी पुढे होऊन दर्याचे तोंड धरू लागला.

हैबतीचा तोल गेला. "काल याच छातीवर हात ठेवून दम पुरा म्हणालात ना? आणि आज तोंड धरायला आलात? वाड्यावर तुमच्या तोंडाला कुलूप लागलं होतं, आणि इथे हौसेनं पुढे होता! काही लाज आहे का वस्ताद, की तीही म्हातारी झाली?"

वस्तादाशी असे कोणी बोलले नव्हते. अंतोजीने दर्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाला,

"लाज आहे, म्हणूनच येतो. हैबती, मातोश्रींना ऊन लागलं त्या वर्षी मला विचारलं होतं. म्हणाले, वस्ताद, दोन कोस कमी केले तर चालेल ना? मला ते पटलं नव्हतं. पण वाटलं, दोन कोसांसाठी कशाला तोंड वाईट करून घ्यायचं? दहा उरतायत की. आम्ही सात जाणते होतो तिथे. सातांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सातांनी मान हलवली. दोन वर्षांनी मी बोलायला गेलो तर म्हणाले, तेव्हा का नाही बोललात? म्हातारी मेल्याचं दुःख नसतं रे, काळ सोकावतो. काल तू शेवटच्या अर्ध्या कोसासाठी रडलास. तिथे कोणीही रडतो. भांडायचं असतं ते पहिल्या कोसाला, जेव्हा भांडण क्षुल्लक दिसतं आणि भांडणारा वेडा. मी ते केलं नाही. वीस वर्षं मनाची समजूत घालत आलो, की कोणीच काही बोललं नाही, मी एकटा काय बोलणार? म्हणून यांचं तोंड धरतो. माझ्यामुळे ज्याचा वंश बुडाला, त्याच्या डोळ्यांत निदान बघावं. याने पाप फिटत नाही. फिटेल म्हणून मी येतही नाही."

तेवढ्यात कारभारी आले. "चला, उन्हं चढतायत. हैबती, म्हण."

म्हणायचे होते ते एक वाक्य. खच्ची करण्याआधी घोडा सांभाळणाऱ्याने चार माणसांदेखत म्हणायचे, 'घोडा दमात कमी पडला.' ते म्हटल्याखेरीज सलोतरी हत्यार उचलत नसे. चुकून भलताच घोडा कापला जाऊ नये म्हणून पडलेली ही रीत. आता तिच्याकडे कोणी लक्ष देत नसे. लग्नातल्या 'सावधान'सारखे ते सगळे एका श्वासात म्हणून टाकत. हैबतीने स्वतः ते आजवर चौदा घोड्यांच्या वेळी म्हटले होते. त्यांतल्या कितींना दम होता? त्याने कधी पाहिलेच नव्हते.

"म्हण की रे!"

"नाही म्हणत."

"काय?"

"घोडा दमात कमी पडलेला नाही, कारभारीसाहेब. दौड कमी पडली. मी खोटं नाही म्हणत."

कारभाऱ्यांना हसू आले. "अरे, चार शब्द तर आहेत! म्हटलंस तरी घोडा खच्ची होणार, नाही म्हटलंस तरी होणार. चार शब्दांसाठी भाकरीवर पाय देतोस? वस्ताद, तुम्ही तरी समजवा याला."

अंतोजी दर्याचे तोंड धरून उभा होता. त्याने मान वर केली आणि अंगणभर ऐकू जाईल असा म्हणाला, "दम मी पाहिलाय. पुरा होता."

आता कारभाऱ्यांचे हसू गेले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि गेनू नावाच्या मोतद्दाराला बोट केले. "गेनू, आजपासून हा घोडा तू सांभाळतोस. म्हण."

गेनूला चार लेकरे होती. त्याने हैबतीकडे पाहिले, मग जमिनीकडे पाहिले आणि पुटपुटला, "घोडा दमात कमी पडला." सलोतरीने हत्यार उचलले. अंतोजीने शेवटपर्यंत तोंड सोडले नाही.

हैबतीला दिवस मावळायच्या आत पागा सोडायला सांगण्यात आले. अंतोजीला कोणी काही म्हटले नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला काय म्हणायचे? पण तोही काठी घेऊन हैबतीसोबत वेशीपर्यंत आला. हैबती तिथे एका दगडावर बसला आणि कडवटपणे म्हणाला, "काय मिळवलं, वस्ताद? घोडा गेला, भाकरी गेली. सहा वर्षं जीव लावला, त्याचं काय झालं? तुमचा पहिला कोस मी भांडलो, आणि अर्ध्या तासात गेनूनं ते वाक्य म्हणून टाकलं!"

"हो. म्हणून टाकलं."

"मग?"

अंतोजी काठी टेकून त्याच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "मी बोललो असतो तर दौड वाचलीच असती असं मी कधी म्हटलं नाही, हैबती. कदाचित तेव्हाही एखादा गेनू निघाला असता. पण मग उरलेल्या पाचांना जन्मभर झोपताना म्हणता आलं नसतं, की कोणीच काही बोललं नव्हतं. ती सोय मी त्यांना करून दिली. तू आज ती काढून घेतलीस. याहून जास्त काही मिळालं असं मी तुला खोटं सांगणार नाही."

हैबतीने मान खाली घातली. त्याला ते पटले, पण त्याने समाधान झाले नाही. खरे ते कळल्याने समाधान होते असे ज्याने कोणी सांगितले असेल त्याला खरे कधी कळलेले नसावे. थोड्या वेळाने त्याने उठून वस्तादाचे पाय शिवले आणि दुसऱ्या मुलखाची वाट धरली.

पुढल्या माघाआधी कारभाऱ्यांनी पागेतल्या जाणत्यांना बोलावून विचारले, अर्ध्याचा पाव कोस केला तर चालेल ना? माना सगळ्यांनी हलवल्या, गेनूनेही हलवली. मात्र या खेपेस कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.